आधी ऐकून घ्या : मुलांच्या मनाच्या मदतीचा एक इतिहास

आपल्या सोसायटीची नोंदणी झाली त्या वर्षी, म्हणजे २००० साली, जन्मलेली मुलं यंदा पंचवीस वर्षांची झाली. सोसायटीइतकंच त्यांचं वय. प्लॉट, पाण्याचे टँकर, लिफ्ट, डीम्ड कन्व्हेयन्स यांचा इतिहास या अंकात इतरांनी लिहिला आहेच. संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासावर लेख मागितला, तेव्हा मी या मुलांच्या निमित्ताने जरा वेगळा इतिहास निवडला. तरुण मुलांच्या मनालाही मदत लागते, हे लोकांच्या लक्षात कधी आलं? ती मदत कोणी उभी केली? आणि ती उभी करताना खुद्द तरुणांचा हात किती होता?

उत्तर शोधताना माझ्या लक्षात आलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. मोठ्यांनी मोठ्यांच्या डोक्याने उभी केलेली मदत पुष्कळदा मुलांपर्यंत पोहोचलीच नाही. ती कशी असावी हे ठरवताना मुलांना सोबत घेतलं, तिथे मात्र मुलं आली, बोलली आणि थांबलीसुद्धा.

ठाण्याचं नाव

मुंबईत कुणी जरा विचित्र वागलं की ‘याला ठाण्याला पाठवा’ असं म्हणायची पद्धत होती. पुण्यात हाच मान येरवड्याला. आपण ठाणेकर असल्यामुळे हा विनोद नातेवाइकांकडून आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकला आहे. त्यामागे होतं १९०१ साली ठाण्यात सुरू झालेलं, नरोत्तमदास माधवदास यांचं नाव असलेलं मनोरुग्णालय. हजारो रुग्णांना या रुग्णालयाने आसरा दिला, पण लोकांच्या बोलण्यात मात्र गावाचं नाव म्हणजे वेडाचा शिक्का झाला.

त्या काळात मनाच्या बाबतीत दोनच खाने होते, शहाणा आणि वेडा. मधलं काहीच नव्हतं. सोळा वर्षांच्या मुलीला महिनाभर झोप लागत नाही, कॉलेजातला मुलगा खोलीबाहेर येत नाही, परीक्षेच्या आधी कुणाला दरदरून घाम फुटतो, याला नावच नव्हतं. घरात त्याला ‘नाटकं’ म्हणत. ‘अभ्यास नको म्हणून चाललंय’ किंवा ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ ही त्यावरची औषधं.

त्यात भर कायद्याची. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता आणि त्याला एक वर्षापर्यंतची शिक्षा होती. म्हणजे एखादं पोर वाचलं, तर दवाखान्यात डॉक्टरांच्या मागोमाग पोलीस यायचे. मग घरचे लोक ‘चुकून झालं’ असं लिहून द्यायचे आणि तो विषय घरात कायमचा बंद व्हायचा. ज्या पोराला बोलायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच गप्प बसवणारी ही व्यवस्था होती.

या कलमाला पहिला मोठा धक्का दिला तो आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने. १९८६ मध्ये एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे पाटील यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. पुढे १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच म्हटलं, पण १९९६ मध्ये मोठ्या खंडपीठाने कलम पुन्हा वैध ठरवलं. शेवटी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला आणि २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिच्यावर खटला भरायचा नाही आणि सरकारने तिला मदत द्यायची. २०२४ च्या जुलैत भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत जुनं कलम ३०९ आलंच नाही. म्हणजे आपल्या सोसायटीच्या पंचवीसपैकी पहिली सतरा-अठरा वर्षं मदतीची खरी गरज असलेलं माणूस कायद्याच्या कागदावर आरोपी होतं. पालकांची पिढी या विषयावर दबक्या आवाजात का बोलते, याचं एक कारण हेही आहे.

लंडनचा फोन आणि चहाचा कप

इंग्लंडमध्येही १९६१ पर्यंत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हाच होता. पण कायदा बदलायच्या आधीच तिथे एका माणसाने काम सुरू केलं. चॅड व्हाराह हे त्यांचं नाव. ते चर्चमधले धर्मगुरू. १९३५ मध्ये, नोकरीच्या अगदी सुरुवातीला, त्यांना एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला पहिली पाळी आली होती. आपल्याला काही घाणेरडा रोग झाला असं तिला वाटलं, विचारायला कुणी नव्हतं, आणि तिने जीव दिला. ही गोष्ट व्हाराह विसरले नाहीत. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनमधल्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी जीव नकोसा झालेल्यांसाठी फोन सुरू केला. त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली.

पुढे जे घडलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. फोन करणारे लोक प्रत्यक्षही येऊ लागले आणि व्हाराह यांना भेटायला रांग लागली. रांगेतल्या लोकांना चहा-कॉफी द्यायला काही स्वयंसेवक होते. साधी माणसं, कुठलीही पदवी नाही. व्हाराह यांच्या लक्षात आलं, की चहा पिता पिता या स्वयंसेवकांशी बोलूनच बऱ्याच जणांचं मन हलकं होतं. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांकडे सोपवलं. तज्ज्ञाची गरज संपली नव्हती, पण तज्ज्ञाच्या आधी एक ऐकणारं माणूस लागतं हे त्या चहाच्या टेबलावर कळलं.

पुढचं पाऊल विद्यार्थ्यांनी टाकलं. १९७० मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात ‘नाइटलाइन’ सुरू झाली. रात्री वसतिगृहात एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याने फोन करायचा आणि पलीकडे फोन उचलणाराही विद्यार्थीच. प्राध्यापक झोपलेले असतात, दवाखाना बंद असतो, घर लांब असतं. त्या वेळी जागं कोण असतं? दुसरा विद्यार्थी! इतका साधा विचार. पण शिस्त कडक. आधी प्रशिक्षण घ्यायचं, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही, आणि ऐकणाऱ्यालाही आधार मिळाला पाहिजे. ही पद्धत नंतर अनेक विद्यापीठांत गेली.

आपल्याकडची सुरुवात

आपल्याकडे वाट निघाली ती व्यसनाच्या संकटातून. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यातली कॉलेजची मुलं ‘गर्द’च्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडली. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला उभे राहिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तेव्हा येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि केंद्र सुरू झालं तेही त्याच आवारात. ज्या येरवड्याच्या नावाने लोक घाबरायचे, तिथूनच बरी झालेली माणसं बाहेर पडू लागली. मुक्तांगणचं एक वैशिष्ट्य म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर आलेली कितीतरी माणसं तिथे समुपदेशक आणि कार्यकर्ते झाली. नव्याने आलेल्या मुलाला त्यांच्यासमोर खोटं बोलता येत नाही, कारण ते सगळे बहाणे त्यांनी स्वतः करून झालेले असतात.

ठाण्यापुरतं बोलायचं तर १९९० हे वर्ष लक्षात ठेवायला हवं. त्या वर्षी डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आपल्या शहरात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’, म्हणजे आपण ज्याला आयपीएच म्हणतो ती संस्था सुरू केली. ‘सुदृढ मन सर्वांसाठी’ हे तिचं ब्रीद. त्यातला ‘सर्वांसाठी’ हा शब्द मोलाचा, कारण त्याने शहाणा-वेडा हे दोन खाने मोडले. पुढे ‘वेध’ हा उपक्रम आला. हजारो शाळकरी मुलं एका सभागृहात बसून वेगवेगळ्या वाटा चोखाळणाऱ्या माणसांच्या मुलाखती ऐकतात. आपल्यापैकी अनेकांची मुलं त्याला जाऊन आली आहेत. आयुष्य म्हणजे फक्त डॉक्टर-इंजिनिअर नव्हे, हे मुलांच्या कानावर पडणं हीसुद्धा मनाच्या आरोग्याचीच सोय आहे. ज्या गावाच्या नावाचा विनोद व्हायचा, त्याच गावात हे घडलं, याचा ठाणेकर म्हणून मला अभिमान वाटतो.

तिसरी गोष्ट मुंबईतली. १९९६ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या जेरू बिलिमोरिया यांनी ‘चाइल्डलाइन’ सुरू केली. संकटातल्या मुलांसाठी चोवीस तास फोन. नंबर १०९८. हा नंबर ‘एक-शून्य-नऊ-आठ’ असा कुणाच्या लक्षात राहणार? रस्त्यावर राहणाऱ्या मुलांनीच तो ‘दस-नौ-आठ’ असा म्हणायला शिकवला आणि देशभर तो तसाच रुजला. फलाटावरची मुलं या कामात पहिल्यापासून सोबत होती, कारण कुठलं मूल कुठे झोपतं आणि कुणाला घाबरतं हे त्यांनाच ठाऊक. ज्यांच्यासाठी सेवा, त्यांनीच तिला तोंडावर बसेल असं नाव दिलं.

गोव्यातली ‘युवा मित्र’

या सगळ्या इतिहासातलं आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण गोव्यातलं आहे. १९९६ मध्ये डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. देशात मानसोपचारतज्ज्ञ मोजके आणि गरज अफाट, तेव्हा साध्या माणसांना नीट शिकवून हे काम त्यांच्याकडून होईल का, हा संगाथचा प्रश्न होता.

२००० नंतरच्या दशकात त्यांनी ‘युवा मित्र’ नावाचा प्रयोग केला. १६ ते २४ वयाची मुलं-मुली हा गट. एक शहरी वस्ती आणि एक ग्रामीण भाग निवडला आणि तिथल्याच तरुणांतून काही जणांना तयार केलं. त्यांनी आपल्या वयाच्या मुलांचे छोटे गट बसवले, पथनाट्यं केली, माहितीपत्रकं वाटली. विषय होते ताण, नैराश्य, व्यसन, मारहाण, लैंगिक आरोग्य. घरात जे बोललं जात नाही ते सगळं. शेजारी तशाच दुसऱ्या वस्त्या होत्या, जिथे हा कार्यक्रम नव्हता. नंतर दोन्हींची तुलना केली, तेव्हा कार्यक्रम झालेल्या वस्त्यांत नैराश्याची लक्षणं आणि मारहाणीचं प्रमाण कमी दिसलं. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, आपण ज्यांना ‘टवाळ’ म्हणतो त्या वयाच्या मुलांकडून झालेलं हे काम आहे.

पुढे संगाथने गोवा आणि दिल्लीतल्या शाळांमध्ये काम केलं, त्या प्रकल्पाचं नाव ‘प्राइड’. आधी मुलांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय? मुलांची उत्तरं सरळ होती. बोललेलं शिक्षकांना किंवा घरी कळता कामा नये, वर्गासमोर नाव पुकारून बोलावू नये, आणि नुसतं ‘काळजी करू नकोस’ न म्हणता अडचण सुटायला मदत करावी. त्यावरून अगदी थोड्या भेटींची पद्धत बसवली. अडचण नेमकी कोणती ते ठरवायचं, पर्याय काढायचे, त्यातला एक करून बघायचा. सोबत चित्रगोष्टींच्या पुस्तिका. समुपदेशक म्हणजे मानसशास्त्रातले तज्ज्ञ नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेले पदवीधर. दिल्लीच्या सरकारी शाळांतल्या चाचणीत असं दिसलं, की नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा समुपदेशन मिळालेल्या मुलांच्या, त्यांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी जास्त कमी झाल्या. हीच पद्धत मोबाइलवरच्या खेळात घातली, तेव्हा गोष्टी आणि पात्रं कशी असावीत हे ठरवायलाही मुलांना बसवलं आणि गोव्याच्या शाळांत तो खेळ तपासून पाहिला.

२०१७ मध्ये संगाथने ‘इट्स ओके टू टॉक’ ही मोहीम काढली. तरुणांनी आपल्या मनाची कहाणी आपल्या शब्दांत सांगायची, कवितेत, चित्रात, जमेल तशी. दुसऱ्या कुणालाही असंच होतं हे कळणं, हाच अर्धा दिलासा.

टेबलाशी खुर्ची

मदत करायला तरुण चालतात, पण निर्णय घेताना त्यांना विचारायचं का? याचं उत्तर ऑस्ट्रेलियाने दिलं. तिथले मानसोपचारतज्ज्ञ पॅट्रिक मॅकगोरी वर्षानुवर्षं सांगत होते, की मनाचे बहुतेक आजार तरुणपणीच सुरू होतात. मोठमोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे, की आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि पाऊणभर चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. आणि व्यवस्था काय करत होती? अठरा पूर्ण झाले की बालविभागातून नाव कमी, मोठ्यांच्या विभागात पुन्हा पहिल्यापासून रांग. म्हणजे गरज सर्वांत जास्त, तिथेच पूल तुटलेला.

२००६ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ‘हेडस्पेस’ ही केंद्रं सुरू केली, १२ ते २५ या वयासाठी. आज ती दीडशेहून अधिक आहेत. केंद्र दवाखान्यासारखं दिसू नये, शरीराचं दुखणं, मनाचं दुखणं, व्यसन, नोकरी-शिक्षण या सगळ्याची चौकशी एकाच दारात व्हावी, ही त्यांची रीत. केंद्रांना सल्ला द्यायला स्थानिक तरुणांचे गट असतात. जागा कशी असावी, जाहिरातीत कुठले शब्द वापरावेत, मुलं का येत नाहीत, हे ते सांगतात. मॅकगोरी यांना २०१० चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा मान मिळाला. पण मला त्या गटांतल्या निनावी मुलांचं काम तितकंच मोठं वाटतं.

निकालाचा दिवस

आता आपल्या घरातल्या विषयाकडे, म्हणजे दहावी-बारावीकडे येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे, आणि राज्यांमध्ये पहिला क्रमांक महाराष्ट्राचा. हा आकडा लिहितानाही हात थांबतो. आत्महत्येमागे कधीही एकच कारण नसतं, हे खरं. पण ताण वाढवणारे काही नियम माणसांनीच केलेले असतात आणि ते माणसांना बदलताही येतात.

चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली. तिथेही फोनवर ऐकणारे स्वयंसेवकच. दर वर्षी निकालाच्या दिवसांत फोन वाढायचे. एका विषयात गेलेल्या मुलाला पूर्ण वर्ष वाया जाणार याची धास्ती असायची. स्नेहाने ती गोष्ट सरकारपुढे मांडली आणि तमिळनाडूत लगेच फेरपरीक्षा घेण्याची सोय झाली. आपल्याकडे दहावीची फेरपरीक्षा पूर्वी ऑक्टोबरमध्ये व्हायची, म्हणजे वर्ष गेल्यातच जमा. २०१५ पासून ती जुलैत होऊ लागली. नापास होऊनही त्याच वर्षी अकरावीला जाता येतं, हा किती मोठा फरक आहे ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा. नीट ऐकलं की नियम बदलतात, तो असा.

यंदा जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था आणि कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं त्यात आहे. म्हणजे कायदा शाळा-क्लासच्या फाटकापर्यंत पोहोचला. पण मुलगा निकाल घेऊन येतो तो आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमधून, आणि लिफ्टमध्ये त्याला पहिला प्रश्न विचारतो तो आपल्यापैकीच कुणीतरी, ‘काय रे, किती टक्के?’

आपल्या सोसायटीतला अर्ज

आपल्या तरुण मंडळींनी यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दिलेला अर्ज सगळ्या घरांत पोहोचला नसेल, म्हणून इथे सांगतो. मागण्या चार आहेत. कार्यालयाशेजारची खोली, जिथे वर्षभर मखराचं सामान पडून असतं, ती आठवड्यातून दोन संध्याकाळी बसायला मिळावी. आठ-दहा जणांना जाणकार संस्थेकडून ‘भावनिक प्रथमोपचारा’चं प्रशिक्षण मिळावं आणि त्याचा खर्च सांस्कृतिक निधीतून व्हावा. मदतीचे फोन नंबर प्रत्येक विंगच्या लिफ्टमध्ये लावावेत. आणि गणेशोत्सवातल्या गुणवंत सत्कारात स्टेजवरून टक्के वाचून दाखवू नयेत, दहावी-बारावीला बसलेल्या प्रत्येक मुला-मुलीला बोलवावं.

सभेत यावर आवाज चढले. कुणी म्हणालं, मुलांना मुलांचं काय कळतं? कुणी म्हणालं, बाहेर बोभाटा झाला तर सोसायटीचं नाव खराब होईल, मुलींना स्थळं येणार नाहीत. एक प्रश्न मात्र रास्त होता: काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कोणाची? सत्काराच्या मुद्द्यावर तर काही पालक फारच दुखावले. मूल वर्षभर राबलं, त्याचं कौतुक का कापायचं, असं त्यांचं म्हणणं. निर्णय पुढच्या सभेवर गेला.

माझं मत अर्जाच्या बाजूने आहे आणि त्याची कारणं वरच्या इतिहासात आहेत. मुलांना मुलांचं कळतं, हे एसेक्सच्या वसतिगृहात आणि गोव्याच्या वस्तीत दिसलं. नाव खराब होण्याची भीती जुनी आहे, पण शहरं त्यातून बाहेर येतात, ठाण्याकडेच बघा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात साधारण ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला होता. आपल्या चार विंगमध्ये या वयाची साठेक मुलं धरली, तर हिशेबाने चार-पाच होतात. ती कोणाच्या घरात आहेत ते आपल्याला ठाऊक नाही. बोभाटा होऊ नये म्हणून गप्प बसलो, तर ती तशीच राहतील.

जबाबदारीचा प्रश्न मात्र सोडून चालणार नाही. आपल्या पोरांच्या खांद्यावर सगळा भार टाकून आपण मोकळे झालो, असं होता कामा नये. नाइटलाइनपासून संगाथपर्यंत सगळीकडे तरुणांच्या पाठीशी जाणकार माणसं उभी होती. म्हणून खोली उघडायच्या आधी काही गोष्टी लेखी ठरवाव्यात असं मला वाटतं. प्रशिक्षणाशिवाय कुणी बसायचं नाही. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, कमिटीतसुद्धा नाही. मात्र जिवाला धोका वाटला, किंवा कुणी मुलाला त्रास देतंय असं कळलं, तर ते गुपित ठेवायचं नाही, त्याच दिवशी नेमलेल्या मोठ्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगायचं. आणि हा नियम येणाऱ्या मुलाला आधीच सांगायचा. एका समुपदेशकाशी सोसायटीने रीतसर बोलून ठेवायचं. मुलगे आणि मुली दोघंही बसतील असं बघायचं. ऐकणाऱ्या मुलांचीही महिन्यातून एकदा विचारपूस व्हावी, कारण दुसऱ्याचं दुःख ऐकणं हे हलकं काम नाही. वर्षाने आढावा घ्यावा आणि त्या आढाव्याच्या टेबलाशी मुलांनाही खुर्ची द्यावी.

राहिला सत्कार. याच स्मरणिकेच्या पुढच्या पानांवर पंचवीस वर्षांतल्या गुणवंतांची यादी आहे आणि ती असायलाच हवी. त्या मुलांनी कष्ट केले आहेत. पण त्या प्रत्येक वर्षी मंडपाच्या मागच्या रांगेत काही मुलं बसली होती, किंवा त्या संध्याकाळी खाली उतरलीच नव्हती. त्यांची यादी कुणाकडेच नाही. टक्के न वाचता सगळ्यांच्याच हातात गुलाबाचं फूल आणि पुस्तक दिलं, तर हुशार मुलांचं काही कमी होणार नाही. त्यांच्या मार्कशीटवर आकडा आहेच.

खोलीचा निर्णय सभेत होईल. लिफ्टमधल्या नंबरसाठी मात्र ठरावाची वाट बघायला नको, म्हणून तो इथेच देतो. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. लहान मुलांसाठी १०९८, तोच दस-नौ-आठ. स्मरणिका कपाटात ठेवायच्या आधी हे दोन नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घाला, आजी-आजोबांच्यासुद्धा. आणि यंदा निकालाच्या दिवशी लिफ्टमध्ये कुणी पोरगं भेटलं, तर टक्के विचारण्याआधी त्याला एवढंच विचारा, ‘जेवलास का रे?’ मग ते जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐका.